ताळा जुळला, पण हिशेब?

दिल्लीच्या नैर्ऋत्य कडेला, पूर्वी पप्पनकलाँ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात, दिल्ली विकास प्राधिकरणाने द्वारका हे उपनगर वसविले. २००५ सालच्या अखेरच्या दिवशी मेट्रो रेल्वे येथवर येऊन पोहोचली आणि शहराच्या मध्यभागी नोकरीस जाणाऱ्या कुटुंबांस हा भाग जवळचा वाटू लागला. रांगेने उभ्या असलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती ही द्वारकेची एक ओळख. दुसरी ओळख विद्येची. १९९८ साली स्थापन झालेले गुरू गोविंदसिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठ येथे सेक्टर १६-सी मध्ये आहे, आणि दिल्ली विद्यापीठाचे दीनदयाळ उपाध्याय महाविद्यालय सेक्टर ३ मध्ये. वाणिज्य किंवा व्यवसाय-व्यवस्थापन या शाखांकडे वळणाऱ्या येथील मुलामुलींची गाठ पहिल्या वर्षीच ज्या विषयाशी पडते, तो म्हणजे लेखाशास्त्र. या विषयाने किती घरांची झोप उडविली आहे, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल.

पहिल्या सत्राच्या वर्गात बसलेली मुले एका मापाची नसतात. काहींनी अकरावी-बारावीस दोन वर्षे हा विषय घेतलेला असतो. काही गणिताच्या बळावर आलेली असतात आणि त्यांना खतावणी हा शब्दही नवा असतो. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदवीस तर कोणत्याही शाखेचा विद्यार्थी येऊ शकतो. पहिला महिनाभर निम्मा वर्ग जांभया देतो आणि उरलेला निम्मा भेदरून पाहत राहतो. परीक्षेत फसगत दोघांचीही होते. जुना विद्यार्थी सवयीने नोंद बरोबर करतो, परंतु ती तशी का केली हे विचारले की गप्प होतो. नव्याला ‘का’ हे विचारण्याइतकीही उसंत मिळालेली नसते.

मराठी घरातील मुलास याहून एक निराळी अडचण येते, आणि तिचा विचार अध्यापक सहसा करीत नाहीत. घरखर्चाच्या वहीत पगार आला की तो ‘जमा’ या शब्दाखाली लिहावयाचा, हे मूल लहानपणापासून पाहत आलेले असते. भ्रमणध्वनीवर बँकेचा संदेश येतो, तोही खात्यात अमुक रुपये जमा झाले असाच. आणि वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगण्यात येते की, रोख रक्कम आली म्हणजे रोख खाते ‘नावे’ करावे! एखाद्याच्या आजोबांनी दुकानाची वही लिहिली असली, तर त्यांच्याकडे धाव घेऊन गोंधळ अधिकच वाढतो; कारण देशी नामे पद्धतीत जमेची बाजू डावीकडे आणि नावेची उजवीकडे, तर महाविद्यालयातील पुस्तकात नेमके उलट.

हा गोंधळ मुलाच्या मंद बुद्धीचा नव्हे. वही कोणाची आहे, एवढा एकच प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. समजा, आपण बँकेत दहा हजार रुपये भरले. आपल्या वहीत बँक आपली ऋणको झाली. तिच्याकडून आपल्याला दहा हजार येणे आहेत, म्हणून बँकेचे खाते नावे. बँकेच्या वहीत मात्र आपण तिचे धनको झालो. ती आपले दहा हजार देणे लागते, म्हणून आपले खाते जमा. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, आपल्या वहीची नव्हे. तेव्हा तेथे ‘जमा’ आणि आपल्या वहीत ‘नावे’ असणे यात विसंगती नाहीच. एकाच व्यवहाराची ती दोन तोंडे आहेत. घरातले पासबुक वर्गात नेऊन अर्धा तास यावर खर्च केला, तर पुढचे कित्येक तास वाचतील असे आमचे मत आहे.

त्याऐवजी बहुतेक ठिकाणी आरंभ होतो तो तीन सूत्रांनी. घेणारा नावे, देणारा जमा. येते ते नावे, जाते ते जमा. खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. सूत्रे चुकीची मुळीच नाहीत. पण पाढ्यांप्रमाणे घोकलेले सूत्र प्रश्नाचे रूप किंचित बदलले की दगा देते. मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल, हे समीकरण प्रथम हाती द्यावे आणि सूत्रे त्यातून विद्यार्थ्याकडूनच काढवून घ्यावीत. इटलीतील गणिती भिक्षू लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात तेथील व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत विशद केली. तिचा गाभा तेव्हापासून आजतागायत बदललेला नाही. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले, त्यालाही आता शतक उलटून गेले. विषय जुना आहे. शिकविण्याची घाई मात्र नवी आहे.

आता परीक्षेकडे वळू. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि शेवटी ताळेबंद अशी ही साखळी आहे. परीक्षेच्या दिवशी तीन तास संपत आलेले असतात आणि ताळेबंदाच्या दोन बाजूंत नव्वद रुपयांचा फरक निघतो. अनुभवी कारकून अशा वेळी काय करतो? फरकास नवाने निःशेष भाग जातो का ते पाहतो. जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले असतील. फरकाची निम्मी रक्कम कोठे आढळते का, हेही तो पाहतो. एखादी रक्कम खतावणीत भलत्याच बाजूस चढली असेल, तर फरक तिच्या दुपटीने पडतो. या युक्त्या शिकविण्यास एक तासिका पुरे. परंतु त्या न शिकलेला विद्यार्थी घाबरून एक तिसरीच युक्ती योजतो. किरकोळ खर्चात किंवा भांडवलात नव्वद रुपये हळूच घालतो, खाली दुहेरी रेघ ओढतो आणि उत्तरपत्रिका देऊन मोकळा होतो.

घाईने तपासणाऱ्या परीक्षकाची दृष्टी प्रथम त्या दुहेरी रेघेकडेच जाते. बेरजा जुळल्या आहेत, गुण मिळाले. शेजारच्या विद्यार्थिनीने फरक तसाच उघडा ठेवून खाली ‘९० रुपयांचा फरक, चूक सापडली नाही’ असे लिहिले असेल, तर तिचे गुण जातात. अठराव्या वर्षी, पदवीच्या पहिल्याच सत्रात, मुलाच्या मनावर यातून काय ठसते याचा विचार पालकांनी करावा.

गोष्ट नव्वद रुपयांची आहे म्हणून ती सोडून द्यावी असे कोणी म्हणेल. हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की, कंपनीच्या ताळेबंदात दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. तो ताळेबंदही दोन्ही बाजूंनी जुळत होता. नसलेली मालमत्ता एका बाजूस मांडून न झालेला नफा दुसऱ्या बाजूस मांडला, की ताळा बिनबोभाट जुळतो.

ताळा जुळणे हा अचूकपणाचा पुरावा नव्हे, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असतेच. सहा हजारांची दुरुस्ती फर्निचरच्या खात्यावर लिहिली, तर तेरीज जुळेल आणि नफा मात्र सहा हजारांनी फुगेल. एखादा व्यवहार मुळीच लिहिला नाही, तरी तेरीज जुळेल. विद्यार्थी हे चार ओळींचे टिपण म्हणून पाठ करतात आणि लगेच पुढच्या प्रश्नात ताळा जुळविण्यासाठी वाटेल ते करतात!

शिवाय आता संगणक आला आहे. दुकानापासून कारखान्यापर्यंत हिशेब संगणकावर लिहिले जातात, आणि दिल्ली विद्यापीठाच्या वाणिज्य विद्यार्थ्यांसही त्याचा सराव करावा लागतो. एकांगी नोंद संगणक सहसा स्वीकारीतच नाही. म्हणून तेथे तेरीज जुळलेलीच असते. जे काम यंत्र फुकट करून देते, त्याच कामावर अधिकांत अधिक गुण का ठेवावेत? दुरुस्ती कोणती आणि नवी मालमत्ता कोणती, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

गुणांची रीत बदलणे फार अवघड नाही. चूक जेथे झाली तेथे एकदाच गुण कापावेत. तीच चूक पुढे वाहत नफ्यात आणि ताळेबंदात गेली, तर पुढील पायऱ्या त्या चुकलेल्या आकड्यास धरून बरोबर आहेत का, एवढेच पाहावे. उघडा ठेवलेला फरक दडविलेल्या फरकापेक्षा अधिक गुणांचा धरावा. प्रत्येक नोंदीखाली व्यवहाराचे स्पष्टीकरण लिहिण्याची जुनी चाल आहे; पुष्कळ विद्यार्थी ते शेवटास घाईने खरडतात. त्या एका ओळीस स्वतंत्र गुण द्यावेत. अशी तपासणी अधिक वेळ घेते, आणि शेकडो उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात असलेल्या परीक्षकाची अडचण आम्हांस कळते. इंद्रप्रस्थ विद्यापीठात अनेक वर्षे शंभरांपैकी पंचवीस गुण अंतर्गत परीक्षेचे आणि पंचाहत्तर सत्रान्त परीक्षेचे अशी विभागणी राहिली. सत्रान्त परीक्षेत जे साधत नाही, ते निदान अंतर्गत गुणांत साधता येईल. कारण तेथे अध्यापकास आपला विद्यार्थी चेहऱ्याने ओळखू येतो.

आणि प्रश्नासाठी काल्पनिक राम-श्याम यांच्या भागीदारीकडेच जाण्याचे कारण नाही. द्वारकेत तर सामग्री दाराशी पडली आहे. शंभर बिऱ्हाडांच्या एका सहकारी संस्थेने पंधरा लाखांस लिफ्ट बसविली आणि ती पंधरा वर्षे टिकेल असे मानले, तर वर्षाचा घसारा एक लाख, म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडामागे हजार रुपये. वार्षिक सभेत एखादे गृहस्थ हमखास उठून विचारतात, ‘यंदा लिफ्टवर पै गेली नाही, मग हा लाखाचा खर्च कोठून आला?’ त्यांस उत्तर लिहा, असा प्रश्न पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्यास घालून पाहावा. लिफ्ट यंदा वर्षभर झिजली, तिचा उपभोग यंदाच्या रहिवाशांनी घेतला, म्हणून तो भार यंदाचा, इतके सांगता आले तर निम्मे गुण. उरलेले निम्मे त्याला द्यावेत, जो पुढे असेही लिहील की, घसारा नुसता वहीत लिहिल्याने पेटीत पैसा साठत नाही. सभासदांकडून तेवढी रक्कम घेऊन ती निराळी ठेवावी लागते, नाही तर सोळाव्या वर्षी नवी लिफ्ट घेताना प्रत्येक घरास एकदम पंधरा हजारांची मागणी येईल, आणि तीही वस्तू महाग झाली नसेल तर.

संस्थेचे वार्षिक हिशेब तपासले जाऊन सभासदांकडे येतात. बहुतेक घरांत तो कागद तसाच घडी करून खणात जातो. घरात पहिल्या वर्षाला मूल असेल, तर यंदा तो त्याच्या हाती द्यावा आणि चिठ्ठेपत्र, उत्पन्न-खर्च पत्रक आणि घसाऱ्याची ओळ रात्रीच्या जेवणानंतर त्याच्याकडून समजावून घ्यावी. सांगताना ते जेथे अडखळेल, ती जागा पेन्सिलीने खूण करून दुसऱ्या दिवशी वर्गात नेण्यास सांगावी.