दगड हजारांचा, प्रती तीनशेच

फ्रेंच चित्रकार फेर्नां लेजे यांचा ‘सर्कस’ हा शिळामुद्रित चित्रांचा ग्रंथ 1950 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रती अवघ्या 300. आज त्यातील सुटे पानदेखील लिलावात विकले जाते आणि श्रीमंतांच्या संग्रहात जाऊन बसते. ही दुर्मीळता आली कोठून?

शिळाछापाचे तंत्र दुर्मीळतेसाठी जन्मलेच नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलॉइस झेनेफेल्डर या नाटककाराने ते शोधून काढले, ते आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेली रेषा थोड्याच प्रतींनंतर झिजते. दगडावरून मात्र हजारो ठसे उमटू शकतात. तेव्हा तीनशेची मर्यादा दगडाने घातलेली नाही, ती बाजाराने घातलेली आहे. कोठारांना कुलूप लावून धान्याचे भाव चढवणाऱ्या साठेबाजाची रीत याहून निराळी नसते.

लेजे यांच्या बाबतीत हा अंतर्विरोध विशेष तीव्र आहे. 1881 साली नॉर्मंडीत, गुरे पाळणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये इमारतींचे आराखडे काढून पोट भरत ते चित्रकलेकडे वळले आणि 1911 च्या प्रदर्शनानंतर घनवाद्यांमध्ये गणले जाऊ लागले. 1914 च्या साम्राज्यवादी महायुद्धात खंदकांमध्ये त्यांना खाणकामगार आणि कारागीर सोबती म्हणून लाभले. या अनुभवातूनच 1917 चे ‘पत्त्यांचा डाव’ हे चित्र साकारले: सैनिकांची शरीरे नळकांड्यांची, जणू तोफांच्याच धातूची. 1945 मध्ये ते फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

पोलादी तुळयांवर काम करणाऱ्या मजुरांची ‘बांधकाम करणारे’ ही 1950 ची चित्रे पुढे रेनॉ कारखान्याच्या भोजनगृहात लावण्यात आली. लेजे यांनीच सांगितलेली हकिकत अशी की, कामगार प्रथम हसले. पण चित्रे उतरवल्यावर त्यांना भिंती ओक्याबोक्या वाटतील, असे एका कामगारानेच त्यांना सांगितले. कामगाराला आधुनिक कला समजत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे पुरेसे उत्तर आहे. त्याला दृष्टी नसते असे नाही. चित्रासमोर थांबण्याची संधी त्याला मिळत नाही.

मर्यादित आवृत्तीच्या उत्पन्नावर चित्रकार व छापखान्यातील कारागीर जगतात, हा युक्तिवाद खोटा नाही. श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु प्रतीवरील क्रमांक हा गुणवत्तेचा दाखला नव्हे. तो केवळ मालकीचा शिक्का होय.

फ्रान्समध्ये 1936 साली जनआघाडीच्या काळात, संपांच्या बळावर, कामगारांनी पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा मिळवला. सायकली घेऊन सहलीस निघालेली माणसे लेजे यांनी 1948-49 मध्ये ‘फुरसत’ या चित्रात रंगवली. कला सर्वांची व्हावी यासाठी प्रती वाढवणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. त्या पाहण्यासाठी मोकळा वेळही हवा. आणि तो वेळ कोणत्याही लिलावात मिळत नाही, तो लढूनच घ्यावा लागतो.