मराठीचा तास : अपेक्षा आणि शिरस्ता



भाषा आणि शिक्षण यांचा संबंध तपासताना आपण बहुधा पाठ्यपुस्तकापासून आरंभ करतो. कोणते पाठ निवडले, कोणते वगळले, कविता किती, व्याकरण किती, यांवर वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत. परंतु पाठ्यपुस्तक एकच असूनही दोन शाळांतील मुले दोन निरनिराळ्या गोष्टी शिकून बाहेर पडतात. त्याचे कारण पुस्तकात सापडत नाही. ते तासाच्या रोजच्या शिरस्त्यात सापडते. तास कसा सुरू होतो, कोण बोलतो, चूक झाली की काय होते, वहीत काय उतरते, या गोष्टी वर्षभर त्याच क्रमाने घडत राहतात आणि भाषा म्हणजे काय, हे मुलाला त्यांतूनच कळते. सहावी ते आठवी या इयत्तांमधील मराठीच्या तासाविषयी माझी काही मते येथे मांडत आहे. ती आपण स्वीकारावीत असा आग्रह नाही. मात्र पडताळून पाहावीत, अशी अपेक्षा आहे.

हाच टप्पा का?

पाचवीपर्यंत मूल वाचायला शिकते. सहावीपासून ते वाचून शिकू लागते. इतिहास, भूगोल, विज्ञान या विषयांची भाषा एकाएकी जड होते. 'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा', 'तुमच्या शब्दांत लिहा' अशा प्रश्नांची संख्या वाढते. ज्याला मराठीच्या तासात कारण सांगण्याची आणि फरक मांडण्याची सवय लागली नाही, ते मूल अन्य विषयांतही अडखळते. याच वयात आपल्या बोलीकडे लोक कसे पाहतात, याचे भान मुलांना येते. दुसरीतील मूल हसले गेले तरी पुन्हा बोलते. सातवीतील मूल एकदा हसले गेले की पुढील बाकाच्या आड जाऊन बसते आणि वर्षभर तोंड उघडत नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाकाठी किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन-तास ठरवून दिले आहेत. मुलाला भय आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे, त्याला आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, असेही हा कायदा सांगतो. आपण येथे एक साधे गणित करून पाहू. तासिका ४० मिनिटांची आणि वर्गात ४० मुले आहेत असे समजा. निम्मा वेळ शिक्षक बोलले, तर उरलेल्या वेळातून प्रत्येक मुलाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. प्रत्यक्षात तेही येत नाही, कारण हात वर करणारी मुले ठरावीक पाच-सहाच असतात. मत मोकळेपणाने मांडण्याची तरतूद कायद्यात आहे. शिरस्त्यात तिला जागाच नाही.

न बोललेल्या अपेक्षा

जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड या भाषावैज्ञानिकांनी १९७५ साली वर्गातील संभाषणाच्या रचनेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. शिक्षक प्रश्न विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्या उत्तराचे मोल ठरवतो, ही तीन पदांची साखळी त्यांनी दाखवून दिली. नित्याच्या संभाषणात आपण ज्याचे उत्तर ठाऊक नाही ते विचारतो. वर्गात शिक्षक स्वतःला ठाऊक असलेलेच विचारतात. त्यामुळे मुलाचे लक्ष 'मला काय वाटते' यापेक्षा 'बाईंना काय हवे आहे' याकडे लागते. आपल्याकडे 'अपेक्षित' हा शब्द उच्चारताच परीक्षेच्या प्रश्नसंचाची पुस्तिका डोळ्यांपुढे उभी राहते, हे पुरेसे बोलके आहे.

तयार उत्तर फळ्यावरून उतरवून घेण्याचा प्रघात याच साखळीतून निर्माण होतो. कवितेवरील प्रश्नाचे उत्तर चाळीस वह्यांत अक्षरशः एकसारखे असते. तपासनीसांना वह्या पूर्ण दिसतात, पालकांना समाधान वाटते. पण ज्याच्या नावे ते उत्तर आहे, त्या मुलाने एकही वाक्य रचलेले नसते.

याचा उपाय म्हणून अपेक्षाच सोडून द्याव्यात, मुलांना हवे तसे वागू द्यावे, असे काही मंडळी सुचवतात. ते मला मान्य नाही. अपेक्षा स्पष्टपणे सांगितल्या नाहीत म्हणून त्या नाहीशा होत नाहीत, केवळ अदृश्य होतात. मग ज्या घरात पुस्तके आहेत, वर्तमानपत्र येते, प्रमाणभाषेच्या जवळची भाषा बोलली जाते, त्या घरातील मूल त्या आपोआप ओळखते. ज्याच्या घरात हे नाही, त्याच्यासाठी शाळा हीच एक जागा असते. त्याला नियम उघड करून सांगितला नाही, तर तो त्याला कोठूनही कळणार नाही. म्हणूनच स्पष्ट अपेक्षा आणि ठरलेला शिरस्ता हा माझ्या मते शिस्तीपेक्षाही न्यायाचा प्रश्न आहे.

चूक आणि नियम

आता 'अशुद्ध' या शब्दाकडे वळू. खानदेशात किंवा विदर्भात 'पाणी' ऐवजी 'पानी' ऐकू येते. वऱ्हाडीत 'डोळा' हा 'डोया' होतो, 'केळी' ही 'केयी' होते. यात अव्यवस्था नाही. एका ध्वनीच्या जागी दुसरा ध्वनी नियमितपणे येतो, म्हणजेच हा त्या बोलीचा नियम आहे. याउलट पुण्यातील मूलही 'केलं', 'झालं' असेच बोलते आणि लिहिताना 'केले', 'झाले' असे लिहायला शिकते. लेखनाची भाषा कोणाच्याही घरी जशीच्या तशी बोलली जात नाही. अंतर सर्वांनाच कापावे लागते. कोणाला कमी, कोणाला अधिक. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर ते सर्वाधिक कापावे लागते, कारण या भाषा मराठीच्या बोली नसून वेगळ्या भाषाकुलांतील भाषा आहेत.

लेखननियमांचेही असेच आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम सिद्ध केले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर घातली. 'कवी' लिहिताना शेवटची वेलांटी दीर्घ, पण 'कविराज' या समासात ती ऱ्हस्व. 'मूल' दीर्घ, पण 'मुलाला' ऱ्हस्व. आणि 'शरीर' मात्र तत्सम असल्याने 'शरीराला' दीर्घच. शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपल्या कानाला स्पष्ट जाणवत नाही. तो कानाने शिकता येत नाही, नियमानेच शिकावा लागतो. तेव्हा येथे चुकणारे मूल निष्काळजी असते, असे म्हणणे अशास्त्रीय ठरते. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडले की शिकणाऱ्याच्या चुका या त्याने मनात बांधलेल्या व्यवस्थेच्या खुणा असतात. 'मूलाला' असे लिहिणारे मूल 'मूल' या शब्दाचे रूप प्रामाणिकपणे कायम ठेवत असते. त्याला पुढचा नियम ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिरस्ता कशाचा असावा?

यावरून मराठीच्या तासासाठी चार नित्याच्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्यांपैकी कशालाही स्वतंत्र खर्च लागत नाही.

पहिली, वाचन. दररोज दहा मिनिटे पाठ्यपुस्तकाबाहेरचे काहीतरी वाचावे. काही दिवस शिक्षकांनी प्रकट वाचन करावे, काही दिवस मुलांनी मूकवाचन. त्यावर प्रश्न विचारू नयेत. २२० दिवसांत दहा-दहा मिनिटांचे छत्तीस तासांहून अधिक होतात.

दुसरी, बोलणे आणि थांबणे. प्रश्न विचारल्यावर आधी शेजारच्या मुलाशी बोलू द्यावे. पाच मिनिटांच्या या बोलण्यात प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. वर पाहिलेल्या अर्ध्या मिनिटाच्या पाचपट. मेरी बड रो यांनी अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवले होते की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात. ज्या मुलाला घरच्या भाषेतून पुस्तकी भाषेत यायचे आहे, त्याला ते सेकंद अधिकच हवे असतात.

तिसरी, लेखन. दररोज पाच-सहा ओळी स्वतःच्या लिहाव्यात. शिक्षकांनी प्रत्येक चूक लाल शाईने खुणावू नये. आठवड्याला एकच नियम घ्यावा, तो फळ्यावर लिहावा आणि त्या आठवड्यात तेवढाच तपासावा. तपासल्यावर मुलाने ते वाक्य पुन्हा लिहावे. पुनर्लेखन ही शिक्षा नाही, लेखनाचाच भाग आहे, हे याच वयात समजले पाहिजे.

चौथी, शब्दांचा तक्ता. भिंतीवर दोन रकाने असावेत : 'आमच्या घरचा शब्द' आणि 'पुस्तकातला शब्द'. मुलांनी दोन्ही रकाने भरावेत. असा तक्ता असला की घरचा शब्द खोडण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याच्या शेजारी दुसरा शब्द येतो. कोठे कोणता वापरायचा, हे शिकणे म्हणजेच भाषाशिक्षण.

यांसोबत तीन अपेक्षा वर्षारंभी मोकळेपणाने सांगाव्यात. कोणाच्याही बोलण्याला हसायचे नाही. मत मांडले की पाठात त्याला आधार कोठे आहे ते दाखवायचे. आणि 'येत नाही' म्हणण्यापूर्वी एक वाक्य तरी स्वतःचे लिहायचे. पहिली अपेक्षा शिक्षकांनाही तितकीच लागू आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. शिक्षकांवर अध्यापनेतर कामांचा भार असतो आणि माहिती भरण्यात तास जातात. परंतु उत्तरे उतरवून देण्यात जाणारा वेळ मोजला, तर वरील गोष्टींसाठी लागणारा वेळ त्यातूनच निघेल, असे माझे मत आहे. स्वतःचे उत्तर लिहू शकणाऱ्या वर्गाला प्रत्येक पाठाचे प्रत्येक उत्तर पुरवावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोलीला मान दिला तर मुले प्रमाणभाषेत मागे पडतील आणि नोकरीच्या परीक्षांत नुकसान होईल, अशी भीती पालकांना वाटते. ही भीती अनुभवातून आलेली आहे. तिची टवाळी करू नये. प्रमाणभाषा मुलाला मिळालीच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. वाद आहे तो ती कशी द्यावी याबद्दल. लाज वाटल्याने मूल भाषा शिकत नाही. गप्प बसायला शिकते. आणि बोलण्या-लिहिण्याचा सराव थांबला की प्रमाणभाषा येण्याचा मार्गच बंद होतो.

आपण आणि हा प्रश्न

हा विषय आपणासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचे विशेष कारण आहे. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच थांबले होते. नोकरी, शेती, संसार सांभाळून आपण पुन्हा पुस्तकाकडे वळला आहात. 'माझे मराठी शुद्ध नाही' हे वाक्य अशा विद्यार्थ्यांकडून मी वारंवार ऐकले आहे, आणि तेही उत्तम विचार करणाऱ्यांकडून. स्वाध्याय लिहिताना ही मंडळी स्वतःचे वाक्य टाळून पुस्तकातील वाक्य उतरवतात. सातवीच्या तासात लागलेली सवय चाळिशीतही हात सोडत नाही.

म्हणून आपणास एक विनंती आहे. या घटकावरील स्वाध्यायाचे पहिले उत्तर पुस्तिका मिटून, आपल्याला बोलताना सुचते तसे लिहा. त्यानंतर पुस्तिका उघडा आणि प्रमाणलेखनाच्या एकेका नियमाने ते तपासून पुन्हा लिहा. आपण शिक्षक असाल तर उद्याच्या तासात किती मुले बोलली, एवढेच मोजा. पालक असाल तर मुलाच्या वहीतील कोणते वाक्य त्याचे स्वतःचे आहे, ते त्याला विचारा. वहीत असे एकही वाक्य सापडले नाही, तर त्या संध्याकाळी त्याच्याकडून एक लिहून घ्या आणि ते मोठ्याने वाचायला सांगा.