पिठोरीचे वाण

आज श्रावण अमावास्या. शिवारात पोळा आणि घरात पिठोरी, अशा दोन सणांनी आपला श्रावण निरोप घेतो आहे. काल संध्याकाळी ओढ्याकाठी बैल धुऊन झाले. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झाले, आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्यांच्या कानाशी सांगूनही झाले. आज ते खांदे मोकळे आहेत. घरात पिठोरीचे व्रत धरलेली आई सकाळपासून उपाशी आहे. चौसष्ट योगिनींची पूजा आटोपली की तिन्हीसांजेला ती खीर-पुरीचे वाण हाती घेईल, मुलांकडे पाठ करून बसेल, कुठे डोक्यावरून तर कुठे खांद्यावरून ते वाण मागे धरील आणि विचारील, ‘अतिथी कोण?’ मागून कोवळा आवाज येईल, ‘मी!’ आणि लेकरू पुढे होऊन ते वाण आपल्या हातांनी घेईल.

पिढ्यान्‌पिढ्या आपण हे करत आलो. आईने या क्षणी मागे वळून पाहायचे नसते, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. जिच्या नजरेखाली हे मूल रांगले, चालले, शाळेत गेले, ती आज नजर काढून घेते. आपल्याच पोटच्या गोळ्याला पाहुण्याचा मान देते, आणि कोण आले आहे हे त्यालाच सांगू देते.

पिठोरीची कहाणी आठवली की या रीतीची खोली कळते. दरवर्षी याच अमावास्येला जिचे मूल दगावते अशी एक सून मेलेले लेकरू उराशी धरून रानात जाते, आणि योगिनींच्या कृपेने तिची सगळी मुले तिला जिवंत परत मिळतात. देवी, पटकी आणि प्लेगने घरेच्या घरे ओस पाडलेल्या काळातल्या आयांना ही कहाणी नुसती गोष्ट वाटत नसणार. मूल जगेल की नाही, हेच भय त्यांच्या उशाला होते. आज लसी आहेत, दवाखाने आहेत. १९७७ साली आपला देश देवीच्या रोगातून मुक्त जाहीर झाला त्यालाही आता जवळपास अर्धे शतक लोटले. भयाची कारणे ओसरली, पण भय ओसरले नाही. मूल जगेल ना, असे विचारणारी माया आता ते आपल्या मनासारखे जगेल ना, असे विचारू लागली आहे.

प्रवेशाच्या हंगामात हे फार जवळून दिसते. बारावी झालेल्या मुलीचा पसंतीक्रमाचा अर्ज भरला जात असतो. संगणकासमोर वडील, शेजारच्या खुर्चीवर मामा किंवा ओळखीतले कुणी माहीतगार, आणि मुलगी त्यांच्या मागे उभी. महाविद्यालयांची नावे वरखाली होतात, शाखा बदलतात, ‘स्कोप’ कशाला आहे याची चर्चा होते. शेवटी पुष्टीसाठी ओटीपी येतो तोही वडिलांच्याच मोबाइलवर. या साऱ्यात कुणाच्या मनात तसूभर दुष्टावा नाही. पोटाला चिमटा काढून फी भरणारी माणसे आहेत ही. पण त्या खोलीत ‘मी’ म्हणायची वेळ त्या मुलीवर आलेलीच नसते.

मायेपोटी होणारा हा ताबा थोरांच्याही घरी होता. महात्मा गांधींचे थोरले चिरंजीव हरिलाल दक्षिण आफ्रिकेच्या लढ्यात वडिलांच्या खांद्याला खांदा लावून अनेकदा तुरुंगात गेले. त्यांना विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचे होते. स्वतः बॅरिस्टर असलेल्या पित्याला त्या शिक्षणाचे मोल उरले नव्हते. शिष्यवृत्तीची संधी आली तेव्हा दुसरे तरुण गेले, मुलगा मागे राहिला. १९११ मध्ये हरिलाल घर सोडून निघाले, आणि १९४८ साली, पित्याच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आतच, मुंबईत विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकाने ही व्यथा मराठी रंगमंचावर आणली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ती ओल्या डोळ्यांनी पाहिली. साऱ्या देशाला निर्भयपणे आपला निर्णय घ्यायला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाचा निर्णय सोसवला नाही. मूल्ये उंच असली म्हणून ती लादण्याचा अधिकार मिळत नाही, हेच त्या घराच्या दुःखातून आपण घ्यायचे.

म्हणून शिस्तच नको, असा याचा अर्थ नव्हे. साने गुरुजींच्या श्यामची आई पोहायला घाबरणाऱ्या श्यामला छडी घेऊन विहिरीकडे पिटाळते. ती कठोर आहे, पण तिचा हट्ट लेकराला पाण्याबाहेर ठेवण्याचा नव्हता. आपण काठावर नसतानाही त्याला तरता यावे, यासाठी तो होता. मुलाला आपली गरज उरू नये म्हणून केलेली सक्ती आणि ती कधीच सरू नये म्हणून केलेली सक्ती, या दोन्ही वरवर सारख्या दिसतात. त्यांतला फरक आईबापांनी आपल्याच मनाला विचारून पाहावा.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. काही घरांत पिठोरीचे वाण मुलग्यांनाच देण्याची प्रथा होती. आता लेकीही हक्काने मागे येऊन उभ्या राहतात, हे फार चांगले झाले. पण वाण घेणाऱ्या त्याच लेकीने नोकरीचे शहर स्वतः निवडले, लग्नाला ‘इतक्यात नको’ म्हटले किंवा जोडीदार स्वतः शोधला, की घराचा श्वास अडखळतो. अठराव्या वर्षी जिच्या हाती आपण देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार दिला, तिच्या फोनवरचे ‘लोकेशन’ मात्र रात्रंदिवस आपल्याला दिसायला हवे असते.

सोडणे सोपे नाही. वीस वर्षे ज्याच्या डब्याभोवती, परीक्षेभोवती, तापाभोवती आपला दिवस फिरला, त्याच्याशिवाय दिवस कसा भरायचा हे कुणी शिकवलेले नसते. ते आपले आपण शिकावे लागते. अर्धवट सुटलेले गाणे, राहून गेलेला प्रवास, वर्षानुवर्षे न भेटलेल्या मैत्रिणी, यांच्याकडे परतणे हेही आता पालकांचे कर्तव्यच आहे. कारण आईबापांचे जग मुलाएवढेच उरले की त्या जगाचे ओझे मुलाच्याच खांद्यावर येते. आणि मोकळे सोडलेले मूल चुकेल, ठेच खाईल, कदाचित वर्ष वाया घालवील. तेव्हा ‘मी सांगितले होते’ हे वाक्य गिळून त्याला जेवायला वाढता येणे, ही पालकपणाची फार मोठी कसोटी आहे.

प्रवेशाच्या फेऱ्या अजून सुरू आहेत. आपल्या घरी अर्ज भरायचा राहिला असेल, तर खुर्चीवर मुलाला किंवा मुलीला बसू द्या. विचारले तर सल्ला जरूर द्या, पण पसंतीक्रम त्यांचा त्यांना लावू द्या, आणि अर्जावर मोबाइल क्रमांकही त्यांचाच द्या.