माहितीपुस्तिकेचे साधन : निवड कोणासाठी?

ओपन सोर्स प्रकल्पाची माहितीपुस्तिका कोणत्या साधनाने लिहावी, हा तंत्रज्ञांचा खासगी प्रश्न आहे असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तो पाठाचा प्रश्न आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकालाही त्याविषयी काही म्हणावयाचे असू शकते. लेखनाचे साधन केवळ पानाचे रूप ठरवीत नाही. त्या पानावरील चूक कोणाला दुरुस्त करता येईल, हेही तेच ठरविते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८९ च्या सुमारास तिचा आरंभ झाला, तेव्हापासून तिची पुस्तिका लाटेकमध्ये लिहिली जात होती. पुस्तिका छापून वाचण्याचा तो काळ. लाटेकची छपाई सुबक असे. पुढे वाचक पडद्यावर वाचू लागला, आणि लाटेकमधील मजकुराचे एचटीएमएलमध्ये रूपांतर करणे हे किचकट काम होऊन बसले. दीर्घकाळ संपादन सांभाळणारे फ्रेड ड्रेक यांचा बराच वेळ या रूपांतराची यंत्रणा चालू ठेवण्यातच जाई. अखेर गेऑर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स हे साधन घडविले, आणि २००८ मध्ये २.६ या आवृत्तीबरोबर पुस्तिका रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या पद्धतीत आली.

साधा मजकूर कोणत्याही संपादकात उघडतो, संस्काराविनाही वाचता येतो, आणि प्रोग्रामसोबत एकाच भांडारात राहत असल्याने कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. आपल्या पोथ्यांना हे भाग्य लाभले नाही. ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करण्यासाठी शके १५०६ मध्ये एकनाथांना परिश्रम करावे लागले, ते लिपिकारांचे हात नोंदीवाचून फिरले होते म्हणूनच.

दुसरा लाभ अनुवादाचा. स्फिंक्स मूळ मजकुरातील परिच्छेद वेगळे काढून गेटटेक्स्टच्या फायलींत अनुवादकापुढे ठेवू शकते. मूळ बदलले की त्या परिच्छेदाचा अनुवाद तपासण्याजोगा म्हणून दाखविता येतो. २०१७ च्या पीईपी ५४५ या प्रस्तावाने पायथनच्या पुस्तिकेच्या अनुवादांना अधिकृत स्थान देण्याची रीत घातली. जपानी, फ्रेंच आणि कोरियन या भाषा त्यात अग्रभागी होत्या. मराठी अनुवादकालाही हीच वाट मोकळी आहे. मात्र तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. सुटा परिच्छेद हाती आला की संदर्भ निसटतो. दोन परिच्छेदांचा एक करण्याचे स्वातंत्र्य अनुवादकाला उरत नाही. मराठी गद्याला ही चौकट अनेकदा जाचते.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचे नियम नवख्याला अडवितात आणि मार्कडाउन अधिक सोपे आहे, हा आक्षेप खोटा नाही. छोट्या प्रकल्पास मार्कडाउन पुरते. परंतु प्रकरणाप्रकरणांतील परस्परसंदर्भ आणि अनुवाद यांची गरज पडू लागली की मूळ मार्कडाउनला इतर साधनांची जोड द्यावी लागते, आणि त्याचे निरनिराळे प्रकारही एकमेकांशी पुरते जुळत नाहीत.

साधन निवडताना गुणांचे तक्ते मांडण्यापेक्षा एक साधी कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते. प्रोग्राम न लिहिणाऱ्या एखाद्या जाणत्या वाचकाला पुस्तिकेतील एक चूक दाखवावी आणि ती त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी. ज्या साधनाने ते काम त्याच्या हातून पुरे होईल, ते निवडावे. ज्या पुस्तिकेला केवळ तिचा कर्ताच हात लावू शकतो, तिचा प्रोग्राम कितीही मुक्त असला तरी ती स्वतः बंदिस्तच राहते.