पिल्लाचे दात, घरातले हात

दोन महिन्यांचं पिल्लू घरात आलं की आठवड्याभरात सगळ्यांच्या मनगटांवर बारीक ओरखडे उमटतात. धाकटी मुलं सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात, आजी पदर आवरत चालते आणि सल्ल्यांना सुरुवात होते. ‘लहान आहे, मोठं झालं की सुटेल,’ असं कुणी म्हणतं. ‘आत्ताच एक ठेवून द्या, नाहीतर डोक्यावर बसेल,’ असं दुसरं कुणी. या घरगुती वादापेक्षा मला जाणकारांमधला मतभेद महत्त्वाचा वाटतो. पिल्लाला आधी हळू चावायला शिकवावं, की माणसाच्या कातडीला दात लावायचेच नाहीत हे पहिल्या दिवसापासून शिकवावं?

हळू चावायला शिकवण्याची मांडणी इयान डनबार या ब्रिटिश पशुवैद्यांनी रुजवली. १९८०च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियात खास पिल्लांसाठी वर्ग सुरू केले. भावंडांशी झोंबताना एखादं पिल्लू जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. खेळ थांबला, एवढीच शिक्षा. पण तेवढ्यावर पिल्लू जबड्याचा जोर आवरायला शिकतं. माणसांनीही तसंच करावं, असं डनबार सांगतात. आधी जोराचे चावे बंद करायचे, मग हलके, आणि शेवटी दात लावणंच. कारण कुत्रा कितीही गुणी असला तरी कधीतरी त्याची शेपटी दारात सापडते, दुखऱ्या पायावर कुणाचा तरी पाय पडतो. त्या क्षणी तो तोंड टाकणारच. जोर आवरायला शिकलेल्याचा दात नुसता लागून जातो, न शिकलेल्याचा रुततो. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात टोकदार असले तरी जबडा कमकुवत असतो, म्हणून हा धडा त्याच वयात स्वस्तात मिळतो. चौथ्या महिन्यानंतर पक्के दात येऊ लागतात आणि जबड्यातही बळ येतं.

ही मांडणी मला पटते. पण ती कुठल्या मातीत वाढली हेही पाहायला हवं. ब्रिटनने १९२२ सालीच रेबीज हद्दपार केला. अमेरिकेत कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीज संपल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. तिथे पिल्लाचा दात लागला तर हात दुखतो, बस. भारतात रेबीजने वर्षाला अठरा ते वीस हजार माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०२५च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात राज्य पातळीवर खेळणारा एक तरुण कबड्डीपटू रेबीजची लक्षणं दिसून गेला. मृत्यूच्या काही महिने आधी गटारात पडलेलं एक पिल्लू बाहेर काढताना ते त्याच्या बोटाला चावलं होतं. जखम एवढीशी होती, म्हणून त्याने लस घेतली नाही. कुणाचा जीव वाचवायला पुढे झालेला हात होता तो.

पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर टोचतात. म्हणजे ते हातांवर तुटून पडतं त्यातले बरेच आठवडे बिनलशीचे असतात. प्राणी संशयित असेल तर उघडी त्वचा नुसती कुरतडली किंवा रक्त न येता ओरखडा उठला तरी लस घ्यावी, आणि दात आत गेला असेल तर लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही, असं आरोग्य संघटनेचं वर्गीकरण सांगतं. अशा देशात जोर आवरायला शिकवण्यासाठी पिल्लाच्या तोंडात रोज हात द्या, हा सल्ला कसा मान्य करायचा? ‘पहिल्या दिवसापासून बंद’ म्हणणाऱ्यांची बाजू इथे जड होते.

अडचण अशी, की आपल्या घरांत ही बंदी बहुतेक वेळा चापटीने बजावली जाते. नाकावर टिचकी मारायची, तोंड दाबून धरायचं, उताणं पाडून मानेवर हात ठेवायचा. कुत्र्याला मालक कोण ते दाखवलंच पाहिजे, हा त्यामागचा समज लांडग्यांच्या ‘म्होरक्या’विषयीच्या जुन्या कल्पनेतून आला. ती कल्पना पसरवणाऱ्यांत ज्यांचं नाव येतं, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं असतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. मारलेल्या किंवा लाथ घातलेल्या कुत्र्यांपैकी ४३ टक्के उलट अंगावर आले होते. ते सगळे आधीच वर्तनाच्या तक्रारीसाठी आणलेले कुत्रे होते, हे ध्यानात ठेवूनही आकडा डोळे उघडणारा आहे. शिवाय मार खाल्लेलं पिल्लू गुरगुरणं सोडून देतं. चावण्याआधी मिळणारी सूचनाच मग मिळेनाशी होते.

म्हणून माझं मत असं. आई माहितीतली आणि लस टोचलेली असेल, पिल्लू आठ आठवडे तिच्यापाशी राहिलेलं असेल, तर घरातल्या मोठ्या, धडधाकट माणसांनी डनबारांचा मार्ग धरावा. रस्त्यावरून आणलेल्या, आईचा पत्ता नसलेल्या पिल्लाच्या तोंडात मात्र कुणीही हात देऊ नये. त्याच्याशी खेळ दोरीने आणि लांब खेळण्याने. आणि पिल्लू कुठलंही असो, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या हाताला दात लागता कामा नये. त्यासाठी पिल्लाला शिकवत बसायची गरज नाही, दाराला आडवी जाळी आणि गळ्यात पट्टा पुरतो.

दात लागला की हात हिसकू नये. हिसकलेला हात पिल्लाला पळणारी शिकार वाटतो. हात निश्चल ठेवावा, सुटला की उठून अर्धा मिनिट खोलीबाहेर जावं. ‘आई गं’ म्हणून कळवळल्यावर काही पिल्लं थबकतात, काही आणखी चेकाळतात; आपलं कोणतं ते दोन दिवसांत कळतं. पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी पाहुण्यांच्या गर्दीत ते पिसाटल्यासारखं चावतं तेव्हा बहुतेकदा ते दमलेलं असतं. मात्र काका हाताने कुस्ती खेळणार आणि काकू त्याच हातासाठी रागावणार, असं चाललं तर कुठलीच पद्धत लागू पडणार नाही.

या सगळ्याची सुरुवात पिल्लू घरी येण्याआधी होते. आपल्याकडे महिन्याभराचं पिल्लू आणायची घाई असते, कारण ‘लहानपणीच लळा लागतो’. नेमक्या त्याच आठवड्यांत ते भावंडांकडून जोर आवरायला शिकत असतं. कुत्र्यांच्या विक्रीबाबतच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुणी पाच आठवड्यांचं पिल्लू पुढे केलं तर घेऊ नका, तीन आठवडे थांबा. रस्त्यावरच्या पिल्लांची आई जवळ असेल आणि जागा वाहनांपासून सुरक्षित असेल, तर तिथेच खाणं-पाणी द्या आणि वय झाल्यावर आणा. रेबीजच्या लशीसाठी पिल्लाला तीन महिने पूर्ण होतील ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. आणि पिल्लाच्या दाताने कातडी फाटली, तर पिल्लू कितीही लाडकं असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.