शेवटच्या स्टँडवरचं व्हायोलिन

सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारा म्हणजे एकल वादक व्हायचं राहून गेलेला माणूस, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. बोलणारे अडाणी नसतात. पहाटेपर्यंत मैफली ऐकलेले, घराण्यांमधले बारकावे कळणारे रसिक हे म्हणतात. समोरचा कागद वाजवायचा, कंडक्टरच्या काठीकडे बघायचं, सोळा जणांनी एकाच क्षणी बो वर न्यायचा आणि एकाच क्षणी खाली आणायचा. यात वादकाचं स्वतःचं काय? उपज नाही, विस्तार नाही, नाव नाही. म्हणजे ही कारागिरी, कला नव्हे. हा पूर्वपक्ष मला साफ चुकीचा वाटतो, आणि तो जाणत्यांकडून येतो म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

ऑर्केस्ट्रा ही एकल वादनाच्या खालची पायरी असती, तर वरच्या पायरीवरचा कोणीही सहज खाली उतरून तिथे उभा राहिला असता. तसं होत नाही. विसाव्या शतकातला थोर व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइस्लर याला तरुणपणी व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराच्या वाद्यवृंदाने नाकारलं होतं. त्या नकाराने क्राइस्लर लहान ठरत नाही. दोन कामं वेगळी आहेत एवढंच ठरतं. आजही अनेक मोठ्या ऑर्केस्ट्रांत एक जागा रिकामी झाली की पडद्याआडून परीक्षा होते. अमेरिकेत बॉस्टन सिंफनीने १९५२ मध्ये ही प्रथा आणली. कोण वाजवतंय हे परीक्षकांना कळू नये, म्हणून चालताना टाचांचा आवाजही येणार नाही अशी तजवीज पुढे अनेक ठिकाणी झाली. उमेदवार मोत्सार्टच्या एखाद्या कन्चेर्तोचा पहिला भाग वाजवतो आणि मग खरी कसोटी सुरू होते: रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन जुआन’चं पहिलं पान, शूमानच्या दुसऱ्या सिंफनीतलं स्केर्त्सो. मोजके तुकडे. पण प्रत्येक सूर जागेवर, लय तसूभरही न हलणारी, आणि आवाज असा की तो इतर पंधरांच्या आवाजात मिसळेल, हे त्या तुकड्यांतच सिद्ध करावं लागतं. निवड झाली तरी उमेदवारीचा काळ उरतोच, आणि बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये शेवटी त्या माणसाला कायम करायचं की नाही हे सहवादक मतदानाने ठरवतात.

आता ‘स्वतःचं काय?’ या प्रश्नाकडे येतो. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी १८९३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिल्यांदा वाजली. तिच्या शेवटच्या भागाची सुरुवात व्हायोलिनांवर आहे. वरून खाली उतरत येणारी, काळीज पिळवटणारी एक सुरावट सभागृहाला ऐकू येते. पण स्वरलेखन उघडून पाहिलं तर तिथे कोणत्याही एका ओळीत ती सुरावट नाही! तिचा एक स्वर पहिल्या व्हायोलिनांकडे आहे, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांकडे, त्यानंतरचा पुन्हा पहिल्यांकडे. दोन्ही गटांनी आपापली ओळ सुटी वाजवली तर ती वेडीवाकडी, उड्या मारणारी वाटते. त्या काळी हे दोन गट मंचावर समोरासमोर बसत, म्हणजे ती धून हवेतच, दोघांच्या मध्ये तयार होत असे. सभागृहाने जे ऐकलं ते एकाही वादकाने वाजवलेलं नसतं, आणि त्यातल्या एकाही गटावाचून ते घडलं नसतं. कलेत ‘मी’ कुठे आहे हे विचारणाऱ्याने या अर्ध्या मिनिटाचं उत्तर आधी द्यावं. मला ही कलेची उणी नव्हे, वेगळी आणि अत्यंत उंच जात वाटते.

‘मागे बसून काय, कसंही चालतं’ हा दुसरा गैरसमज. मोठ्या ऑर्केस्ट्रात साधारण सोळा पहिली आणि चौदा दुसरी व्हायोलिनं असतात. दोघांत एक स्टँड. शेवटच्या स्टँडवरच्यांना पुढच्यांचा आवाज उशिरा पोहोचतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला जवळजवळ तीस सहस्रांश सेकंद. कानावर विसंबून सूर लावला, तर श्रोत्याच्या दृष्टीने तो मागे पडतो. म्हणून मागच्यांना कानाचा मोह आवरून डोळ्यांनी वाजवावं लागतं: कॉन्सर्टमास्टरच्या, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या पुढाऱ्याच्या, बोची हालचाल, त्याच्या खांद्याची उचल, कंडक्टरच्या काठीचं टोक. स्वतःला जे ऐकू येतं त्याच्या किंचित पुढे राहायचं, आणि तरीही सुरात मिसळायचं. तबल्याच्या ठेक्याशी खेळणाऱ्या आपल्या गायकाला या ताणाची कल्पना चटकन येईल. शिवाय बोचा कोणता भाग वापरायचा, व्हिब्रातो किती रुंद ठेवायचा, आपला आवाज शेजाऱ्याच्या वर गेला का, हे निर्णय प्रत्येक ओळ वाजवताना घ्यावे लागतात आणि कोणताही कंडक्टर ते एकेकाला सांगत बसत नाही.

हे वादक नुसते हुकूम पाळणारे म्हणाल, तर व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९३३ पासून कायमचा कंडक्टर ठेवलेला नाही. कोणाला बोलवायचं ते वादक ठरवतात. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरविना वाजवतो आहे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. हार्वर्डचे जे. रिचर्ड हॅकमन यांनी १९९० च्या सुमारास अमेरिका, इंग्लंड आणि दोन्ही जर्मनींतल्या ऑर्केस्ट्रांचा सहकाऱ्यांसह अभ्यास केला, तेव्हा कामातल्या समाधानात हे वादक तुरुंगाच्या रक्षकांच्याही खाली आढळले. विरोधक एवढंच सांगून थांबतात. त्याच अभ्यासात, केवळ कामाच्या ओढीने काम करण्याच्या बाबतीत हेच वादक सर्वांत वर होते, हे सांगत नाहीत. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की दुखणं कुठे आहे ते दिसतं. वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसणं, कार्यक्रमात काय वाजवायचं यात काही म्हणणं नसणं, मान-खांद्यांची दुखणी, पितळी वाद्यांच्या पुढ्यात बसून कान जाणं: हे सगळं खरं आहे. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या वादकांना व्यवस्थापनाने २०१२ ते २०१४ दरम्यान सोळा महिने बाहेर ठेवलं, हेही खरं आहे. पण हा आरोप संस्था चालवणाऱ्यांवर आहे. वाजवण्यावर तो लागू होत नाही.

आपल्या दारातलं उदाहरण घेतलं तर हे अधिकच स्पष्ट होतं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेली मुलं मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटगीतांची व्हायोलिनं त्यांनी उभी केली. गाण्यांचे जे म्युझिक पीस आपण आजही गुणगुणतो, ते स्टुडिओत यांच्याकडूनच वाजत होते. सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर ते लिहीत होते. रेकॉर्डच्या पाकिटावर यांची नावं नसत. म्हणून काय त्या कामाची किंमत कमी झाली? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो टिकला नाही. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर चित्रपटसंगीतात पुन्हा आले नाहीत. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे त्यांचं नाव घराघरांत गेलं, ते नाव एका वादकाचं आहे हे मात्र फार थोड्यांना कळलं.

मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनाही असंच परदेशी जावं लागलं. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. हौशी वादक, गोव्याचे व्यावसायिक, नौदलाच्या बँडमधले लोक यांना एकत्र बसवून वर्षानुवर्षं झगडले. अखेर पंचेचाळिशी उलटल्यावर मँचेस्टरला जाऊन कंडक्टर बार्बिरोलींच्या हाले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर म्हणून बसले, आणि नंतर फिलाडेल्फियात कर्टिस चतुष्टयात दुसरं व्हायोलिन वाजवलं. ज्याने स्वतः ऑर्केस्ट्रा उभारला तो माणूस दुसऱ्याच्या ऑर्केस्ट्रात पुढाऱ्याच्या शेजारी, आणि मग चतुष्टयात दुसऱ्या जागी बसायला आनंदाने तयार होतो, हे ज्यांना अधोगती वाटतं त्यांना मेहतांचं प्रेम कशावर होतं ते कळलेलं नाही.

‘ऑर्केस्ट्रात पोट भरत नाही’ असं मुंबईत पालक मुलांना सांगतात. ते खोटं नाही, पण ते व्हायोलिनबद्दलचं सत्य नसून मुंबईबद्दलचं आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्याची मैफल भरते, टाळ्या होतात. आणि मंचावरचे बरेच वादक परदेशांतून येतात. इथे शिकलेल्या मुलामुलींसाठी महिन्याच्या पगाराच्या, वर्षभर चालणाऱ्या, पडद्याआडच्या परीक्षेने भरल्या जाणाऱ्या खुर्च्या पुरेशा हव्यात, आणि त्यांचा खर्च शहराने व सरकारने उचलावा. अनुदानं आपण नाटकाला देतो, साहित्य संमेलनाला देतो. व्हायोलिनांच्या ओळीला ती द्यायला हरकत घेणाऱ्याने आधी चायकोव्हस्कीची ती ओळ ऐकावी आणि तिच्यातला कोणता स्वर अनावश्यक आहे ते सांगावं.