वेबसाइटचं लॉगिन एक, मग डेटाबेसची लायसन्स किती?

समजा, हिंगणघाटच्या एका पतसंस्थेत १२ कर्मचारी आणि ४,००० सभासद आहेत. आतापर्यंत सगळं काम काउंटरवर व्हायचं, त्यामुळे डेटाबेस सॉफ्टवेअरची १२ लायसन्स पुरायची. आता संस्थेने वेबसाइट सुरू केली आणि सभासदांना घरबसल्या शिल्लक दिसू लागली. मग लायसन्स किती लागतील?

अनेकांना वाटतं, एकच. कारण सभासद थेट डेटाबेसमध्ये जात नाहीत. वेबसाइट स्वतःच्या एकाच लॉगिनने माहिती आणते. डेटाबेसला वापरकर्ता एकच दिसतो.

कंपन्या कसं मोजतात?

कंपन्या लॉगिन मोजत नाहीत, त्यामागची माणसं मोजतात. अनेकांना एका लॉगिनमागे आणण्याला 'मल्टिप्लेक्सिंग' म्हणतात. त्यामुळे लायसन्सची संख्या कमी होत नाही, असं ऑरॅकल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांचेही नियम सांगतात. ऑरॅकलच्या नियमात तर वापराची परवानगी असलेला प्रत्येक जण मोजला जातो, मग त्याने प्रत्यक्षात वापर केलेला असो वा नसो.

म्हणजे आपल्या उदाहरणात आकडा १२ वरून थेट ४,०१२ वर जातो.

सगळ्यांसाठी खुली वेबसाइट असेल तर?

तिथे माणशी हिशेब करणंच शक्य नाही. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे. त्यातलं कोण, कधी वेबसाइट उघडेल, हे आधी कसं सांगणार?

अशा वेळी लायसन्स माणसांवर नाही, तर सर्व्हरच्या ताकदीवर घेतलं जातं. ऑरॅकल प्रोसेसरनुसार मोजतं, तर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर कोअरनुसार, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ४ कोअर. एकदा हे घेतलं की वापरकर्ते कितीही असोत. किंमत मात्र बरीच जास्त असते.

फुकटचा पर्याय आहे का?

आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हा मुक्त स्रोत डेटाबेस आहे. त्याला लायसन्स फी नाही आणि वापरकर्त्यांची मर्यादाही नाही. देखभाल आणि जाणकार माणसाचा खर्च मात्र धरावा लागतो. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानेही सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. ते का वापरलं नाही, याचं कारण पुरवठादाराने द्यायचं असतं.

तुमच्याशी काय संबंध?

वेबसाइट बनवणारा काम संपवून निघून जातो, पण लायसन्सचा करार साधारणपणे संस्थेच्या नावावर असतो. करारात तपासणीची अट असते. पुढे संख्या कमी निघाली, तर फरक संस्थेला भरावा लागतो. तो पैसा शेवटी सभासदांचा किंवा करदात्यांचाच.

म्हणून तुमची पतसंस्था, शाळा किंवा नगरपरिषद ऑनलाइन जात असेल, तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारायला सांगा: डेटाबेस कोणता? लायसन्स माणशी की कोअरवर? आणि वेबसाइटवर येणारे लोक त्यात धरले आहेत का?